थर्मोस्टॅट आणि पॅकिंग नवं, तरी गाडी पुन्हा तापते किंवा पाणी गळतं

नेहमीचा प्रकार असा. तापमानाचा काटा वर चढतो, गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की उघडून पाणी रेडिएटरमधून फिरू देणारी झडप) आणि त्याचं पॅकिंग (गॅस्केट) बदलतात, काही दिवस गाडी नीट चालते. मग एक तर हाउसिंगखाली (थर्मोस्टॅट ज्यात बसतो त्या कवचाखाली) पांढरट ओघळ दिसायला लागतो, नाही तर घाटात काटा परत चढतो. पुन्हा नवा थर्मोस्टॅट येतो. खरं तर आधी बदललेला बहुतेक वेळा चांगलाच असतो. चूक असते बसवण्यात, आत राहिलेल्या हवेत किंवा रेडिएटरच्या झाकणात. म्हणून आणखी एक पार्ट विकत घेण्याआधी खालचं तपासा.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण किंवा दाबाखालच्या टाकीचं झाकण उघडायचं नाही, फडकं धरूनसुद्धा नाही. आतलं पाणी शंभर अंशांच्या वर असतं आणि दाबामुळेच उकळायचं थांबलेलं असतं. झाकण सैल झालं की ते एकदम उकळून अंगावर येतं. वरचा होज (इंजिन आणि रेडिएटर जोडणारा रबरी पाइप) हाताला थंड लागेपर्यंत थांबायचं. इलेक्ट्रिक फॅन बऱ्याच गाड्यांत किल्ली बंद असतानाही सुरू होतो, त्यामुळे बोटं पात्यांपासून लांब ठेवा.

आधी तक्रार नेमकी कोणती ते ठरवा

गळती आणि तापणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. दोन्ही असतील तर आधी गळती बंद करा. पाणी कमी असताना तापण्याचं निदान करण्यात अर्थ नाही.

गाडी कधी तापते त्यावरून बरंच कळतं. सिग्नलला उभं राहिल्यावर तापते आणि चालू लागली की उतरते, तर फॅन, त्याचा रिले, फ्यूज किंवा सेन्सर बघा. थर्मोस्टॅटचा इथे संबंध नाही. हायवेला एका वेगात जाताना किंवा घाटात एसी लावून चढताना तापते, तर रेडिएटर आतून बुजलेला असेल, त्याच्या जाळीत कचरा भरला असेल, पंप ढिला पडला असेल किंवा थर्मोस्टॅट अर्धाच उघडत असेल. काटा सारखा वर-खाली झुलतो, मध्येच उडी मारतो आणि आपोआप खाली येतो, तर आत हवा आहे. आणि सकाळी गाडी गरम व्हायला फार वेळ लागतो, घाट उतरताना काटा खाली घसरतो, मायलेज पडलं आहे, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकला आहे. अशा वेळी स्कॅनरवर बहुधा पी०१२८ हा कोड येतो. पाणी ठरलेल्या तापमानापर्यंत पोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

डॅशबोर्डवरच्या काट्यावर फार विसंबू नका. मधल्या पट्ट्यात तो मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो, पाणी दहा अंशांनी वर-खाली झालं तरी हलत नाही. अलीकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत तर काटाच नसतो, निळा आणि लाल दिवा असतो आणि लाल दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो. ओबीडी सॉकेटला (स्कॅनर जोडायची गाडीतली जागा) लावायचं छोटं यंत्र आणि मोबाइलमधलं अ‍ॅप यांवर खरं तापमान अंशांत दिसतं. या कामासाठी ते घेऊन ठेवाच.

होजला हात लावून बघताना थर्मोस्टॅट कुठे आहे ते माहीत हवं. जुन्या रचनेत तो इंजिनातून पाणी बाहेर पडतं तिथे, म्हणजे वरच्या होजच्या टोकाला असतो. तिथे वरचा होज बराच वेळ थंड राहतो आणि थर्मोस्टॅट उघडला की एकदम गरम होतो. बऱ्याच नव्या इंजिनांत तो पंपाजवळ, खालच्या होजच्या टोकाला असतो. तिथे वरचा होज हळूहळू तापत जातो आणि खालचा उशिरा. दोन्ही रचनांत तापमान ९५ च्या वर गेलं, वरचा होज चटका देतोय आणि खालचा गार आहे, तर पाणी फिरत नाही. मात्र त्यावरून लगेच थर्मोस्टॅटला दोष देऊ नका. हवा अडकली असेल किंवा रेडिएटर बुजला असेल तरी हेच दिसतं.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी पातेल्यात बघा

नवा म्हणजे चांगला असं नाही. बाजारात डुप्लिकेट माल भरपूर आहे आणि हा पार्ट तपासायला पाच-दहा मिनिटं पुरतात. थर्मोस्टॅटच्या तळाशी किंवा कडेवर आकडा कोरलेला असतो, ८२ किंवा ८८ असे आकडे नेहमी दिसतात. त्या अंशाला तो उघडायला लागतो. पूर्ण उघडायला आणखी दहा-तेरा अंश लागतात. ८२ चा असेल तर ९५ च्या आसपास पूर्ण उघडलेला दिसायला हवा आणि झडप जवळपास ८ मिलिमीटर उचललेली हवी.

झडप किंचित दाबून तिच्या फटीत शिवणाचा दोरा अडकवा आणि त्याच दोऱ्यावर थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळत सोडा. तळाला टेकू द्यायचा नाही, तळ पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो. थर्मामीटरही तळापासून वर धरा. मंद आचेवर पाणी ढवळत राहा. झडप उघडली की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट खाली पडतो. त्या क्षणी थर्मामीटर वाचा. कोरलेल्या आकड्यापेक्षा दोन अंश इकडेतिकडे चालेल, पाच-सहा अंशांचा फरक नाही चालणार. मग पाणी निवू द्या आणि झडप घट्ट मिटते का ते बघा. उजेडासमोर धरून फट दिसत असेल तर परत करा.

उंचीवर राहणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. समुद्रसपाटीपासून दर तीनेकशे मीटरला पाणी सुमारे एक अंश आधी उकळतं. पुण्यात ते ९८ च्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला ९६ च्याही खाली. त्यामुळे ८८ चा थर्मोस्टॅट महाबळेश्वरच्या स्वयंपाकघरात पूर्ण उघडलेला दिसणारच नाही. तो बिघडलेला नाही, पातेलंच तेवढं तापत नाही.

आकडा बदलून बघायचा मोहही टाळा. ८८ च्या जागी ७६ चा बसवला म्हणजे विदर्भातल्या उन्हाळ्यात गाडी थंड राहील हा समज चुकीचा आहे. थर्मोस्टॅट ठरवतो ते किमान तापमान. तो पूर्ण उघडल्यानंतर पाणी किती तापेल ते रेडिएटर, फॅन आणि पंप ठरवतात. बाहेर ४५ अंश असताना रेडिएटर कमी पडत असेल, तर लवकर उघडणारा थर्मोस्टॅट गाडीला चार मिनिटं उशिरा तापवेल, बस.

पॅकिंग पुन्हा पुन्हा गळतं त्याची कारणं

सगळ्यात मोठं कारण म्हणजे खाल्लेला पृष्ठभाग. वर्षानुवर्षं बोअरचं किंवा नळाचं पाणी भरलेल्या गाडीत अ‍ॅल्युमिनियमचं हाउसिंग आतल्या कडेपासून बाहेरच्या दिशेने खात जातं. वरून पांढरी पूड दिसते. ती खरवडली की खाली खड्डे दिसतात. कागदी पॅकिंग लहानसा ओरखडा झाकतं, खड्डा झाकत नाही. खड्डे बोल्टच्या रेषेपर्यंत किंवा पॅकिंगच्या अर्ध्या रुंदीपर्यंत पोचले असतील तर हाउसिंग बदला. त्यावर सिलिकॉन थापून वेळ मारून नेली की दोन महिन्यांनी पुन्हा हेच काम.

दुसरं कारण वाकलेले कान. दोन बोल्टच्या हाउसिंगमध्ये बोल्ट जास्त आवळले की दोन्ही कान खाली दबतात आणि मधला भाग उचलला जातो. गळती नेमकी दोन बोल्टच्या मध्ये दिसते. मग "अजून थोडं आवळा" म्हणत आणखी आवळतात आणि गळती आणखी वाढते. हाउसिंग उलटं करून त्यावर स्टीलची पट्टी उभी धरा आणि खालून उजेड जातो का बघा. फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पत्र्यांच्या संचाचं) ०.०५ मिलिमीटरचं पान सहज सरकत असेल तर पृष्ठभाग सपाट नाही. अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर सपाट काचेवर ३२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून, पाण्याचे थेंब टाकत, आठाच्या आकारात घासा. सगळीकडे सारखी चमक आली की थांबा. प्लास्टिकचं हाउसिंग वाकलं असेल तर घासत बसू नका, नवं आणा. बारीक तडा तर बहुतेक वेळा होज बसतो त्या नळीच्या मुळाशीच असतो आणि थंड असताना दिसतही नाही.

या बोल्टना किती कमी जोर लागतो याचा अंदाज पुष्कळांना नसतो. १० च्या पान्याचा बोल्ट म्हणजे बहुधा एम६, त्याला साधारण १० न्यूटन मीटर पुरतात. १२ किंवा १३ च्या पान्याचा एम८ असेल तर २० ते २५. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा असेल तर तोच घ्या. टॉर्क रेंच नसेल तर लहान पाना मधोमध धरून मनगटाने आवळा, दांड्याच्या टोकाला धरून खांद्याचा जोर लावू नका. दोन्ही बोल्ट आळीपाळीने, दोन-तीन टप्प्यांत.

बोल्टच्या भोकांकडे कोणी बघत नाही. भोक तळाशी बंद असेल आणि त्यात कुलंट (इंजिन थंड ठेवणारं पाण्याचं मिश्रण) साचलं असेल, तर बोल्ट त्या पाण्यावर टेकतो. हाताला घट्ट लागतो, पण पॅकिंग दाबलं गेलेलं नसतं. जोर लावला तर ओतीव भागाला तडाही जातो. कापसाची काडी किंवा फुंकणीची हवा वापरून भोकं कोरडी करा. उलट काही इंजिनांत हे भोक थेट पाण्याच्या कप्प्यात उघडतं. तिथे आट्यांना थ्रेड सीलंट लावलं नाही तर पाणी बोल्टच्या डोक्याखालून येतं आणि दोष पॅकिंगला जातो. आटे गेले असतील तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) घालून घ्या, लांब बोल्ट ठोकून बसवू नका.

जुनं पॅकिंग काढताना आधी इंजिनाच्या तोंडात स्वच्छ फडक्याचा बोळा घाला, नाही तर कागदाचे तुकडे आत जाऊन रेडिएटरच्या बारीक नळ्यांत अडकतात. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने खरवडलं की त्या प्रत्येक रेघेतून पुढे पाणी झिरपतं. प्लास्टिकची पट्टी किंवा आडवं धरलेलं ब्लेड वापरा, चिवट असेल तर पॅकिंग रिमूव्हर मारून थांबा. ग्राइंडरवर वायर ब्रश लावून साफ करणं झटपट होतं, पण त्याने मऊ अ‍ॅल्युमिनियम उतरतं आणि पुन्हा खड्डेच पडतात.

आता पॅकिंगचा प्रकार. कागदी असेल तर कोरडं बसवा किंवा दोन्ही बाजूंना गॅस्केट पेस्टचा अगदी पातळ हात द्या. थर्मोस्टॅटच्या कडेवर चढवायची खाचेची रबरी रिंग किंवा ओ-रिंग असेल तर तिला काहीही लावायचं नाही, फार तर बोटाने थोडं कुलंट. रबरावर सिलिकॉन लावलं की ते वंगणाचं काम करतं, बोल्ट आवळताना रिंग घसरून बाहेर येते आणि एका बाजूने चिमटते. कंपनीने नुसतं लिक्विड गॅस्केट (ट्यूबमधलं सीलंट) सांगितलं असेल, तर २ ते ३ मिलिमीटर जाडीची अखंड रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. वरची साय धरायच्या आत भाग बसवा, आणि पाणी भरायची घाई करू नका. ट्यूबवर लिहिलेला वेळ द्या, पूर्ण पक्कं व्हायला बहुतेकांना २४ तास लागतात. जास्त थापलेलं सिलिकॉन जेवढं बाहेर दिसतं तेवढंच आतही निघालेलं असतं, आणि ते तुटून पाण्याबरोबर फिरतं.

शेवटचं आणि फार वेळा घडणारं: थर्मोस्टॅट आपल्या खाचेतून सरकतो. हाउसिंग आडवं असेल तर बोल्ट लावेपर्यंत तो अर्धा मिलिमीटर खाली उतरतो, त्याची कड दोन पृष्ठभागांमध्ये चिमटते, आणि आवळलं की एक तर कान मोडतो किंवा फट राहते. कागदी पॅकिंग असेल तर थर्मोस्टॅटच्या कडेला गॅस्केट पेस्टचे दोन ठिपके लावून तो खाचेत चिकटवा, मग हाउसिंग चढवा. हाताने बोल्ट लावल्यावर सगळीकडे फट सारखी दिसते का ते बघितल्याशिवाय पाना लावू नका.

होज परत बसवताना त्याच्या तोंडाची आतली बाजू आणि नळीचा कडा पुसा. जुन्या क्लिपचा ठसा रबरावर उमटलेला असतो, क्लिप त्याच ठशावर आली पाहिजे. सकाळी थंड असताना थेंब दिसतो आणि गाडी गरम झाली की बंद होतो, अशी गळती बहुधा क्लिपची असते, पॅकिंगची नाही.

दिशा आणि हवा

थर्मोस्टॅटची स्प्रिंग आणि मेणाची कुपी (आतलं मेण तापून फुगलं की झडप उघडते) इंजिनाच्या बाजूला. उलटा बसवला तर मेणाला गरम पाणी लागत नाही, झडप उघडत नाही आणि गाडी थोड्याच वेळात उकळते. थर्मोस्टॅटच्या चकतीला एक बारीक भोक असतं, त्यात हलणारी छोटी पिन असते. ती वर, बाराच्या ठोक्याला हवी. पाणी भरताना मागे अडकलेली हवा त्या भोकातून निघते. ते तळाशी गेलं की हवेचा बुडबुडा नेमका मेणाच्या कुपीभोवती बसतो. हवा मेणाला पाण्यासारखी उष्णता देत नाही, म्हणून हेड (इंजिनाचा वरचा भाग) तापलेलं असतानाही झडप मिटलेली राहते. काट्याच्या उड्या इथून येतात.

पाणी भरण्याचं काम इतकं सोपं वाटतं की तिथेच घाई होते. गाडीचं तोंड चढावर ठेवा किंवा पुढची बाजू जॅकवर उचलून स्टँडवर ठेवा, म्हणजे झाकण सगळ्यात उंच येईल. हीटरचा नॉब पूर्ण गरमवर. ब्लीड स्क्रू (हवा काढायचा) असेल तर उघडा, बुडबुडे थांबून सलग धार आली की बंद करा. कुलंट बारीक धारेने ओता आणि मध्ये मध्ये वरचा-खालचा होज हाताने दाबा. मग झाकण न लावता इंजिन चालू करा, पातळी उतरेल तसं भरत राहा, आणि उकळायच्या बरंच आधी, वर यायला लागलं की झाकण लावा. नंतर फॅन दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत चालू ठेवा. हीटरमधून गरम हवा यायलाच हवी. इंजिन तापलेलं आणि हीटर गार, म्हणजे हवा अजून आत आहे.

हिशोब ठेवणं हा सगळ्यात साधा उपाय. जुनं पाणी मापाच्या डब्यात काढा. तीन लिटर निघालं आणि दोनच लिटर परत गेलं, तर एक लिटर हवा आत आहे. पूर्ण थंड झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा बघा, थोडी उतरलेली असतेच. टाकीवर चिकटपट्टीची खूण करून आठवडाभर लक्ष ठेवा.

कुलंट तयार मिळालेलं असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. कॉन्सन्ट्रेट असेल तर बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, निम्मं-निम्मं. रंग सारखा म्हणजे जात सारखी असं नसतं, जुन्या-नव्याची सरमिसळ करण्यापेक्षा सगळं काढून एकच भरा. काढलेलं कुलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका, ते चवीला गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांचा जीव घेतं.

झाकण

झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. निम्मं-निम्मं मिश्रण उघड्यावर १०७-१०८ अंशांच्या आसपास उकळतं, ०.९ च्या दाबाखाली ते १२५ च्या पुढे जातं. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर गेलं की ही सगळी राखीव जागा जाते. पाणी टाकीत ढकललं जातं आणि उतू जातं, आपल्याला वाटतं थर्मोस्टॅट अडकला. झाकणात मधोमध दुसरी छोटी झडप असते, थंड होताना टाकीतलं पाणी परत ओढण्यासाठी. ती चिकटली की सकाळी वरचा होज चपटा झालेला दिसतो. रबर कडक झालं असेल तर झाकण त्याच आकड्याचं नवं घ्या. जास्त दाबाचं लावून भागवायला गेलात तर जुना होज किंवा रेडिएटरचा प्लास्टिकचा कप्पा फुटेल.

"काढूनच टाका, आपल्याकडे लागतच नाही"

हा सल्ला कानावर येतोच. बऱ्याच थर्मोस्टॅटना खालच्या टोकाला दुसरी चकती असते. वरची झडप उघडते तेव्हा ती बायपासचा, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी फिरायचा, रस्ता बंद करते. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा राहतो, काही पाणी रेडिएटरला न जाताच इंजिनात गोल फिरतं आणि घाटात गाडी आधीपेक्षा जास्त तापते. बायपास नसलेल्या इंजिनात उलट घडतं. पाणी थंड राहतं, ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं इंजिन अजून गरम व्हायचंय, पेट्रोल जास्त जातं, ते ऑइलमध्ये उतरतं. फॅन सेन्सर टाळून डायरेक्ट जोडलेला असेल तर तोही मूळच्या जोडणीवर आणा.

हे सगळं करूनही थांबलं नाही तर

प्रेशर टेस्टर लावा. झाकणावरच्या आकड्याइतका दाब भरा आणि पंधरा मिनिटं थांबा. सुई उतरली आणि बाहेर थेंब नसेल, तर पायाखालचा गालिचा ओला आहे का बघा, हीटरची जाळी गळत असू शकते. पंपाच्या खालच्या बारीक भोकाशी सुकलेल्या कुलंटचा डाग असेल तर पंपाचं सील गेलं. बाहेर कुठेच काही नसेल तर हेड गॅस्केटचा (हेडखालच्या पॅकिंगचा) संशय घ्या. गार इंजिन चालू केल्या केल्या झाकणाच्या तोंडाशी न थांबणारे बुडबुडे, चालू करताच दगडासारखा कडक होणारा वरचा होज, गोड वासाचा पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय ही त्याची लक्षणं. एकट्या साईवर निर्णय देऊ नका, रोज जेमतेम दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीतही ती धरते. रेडिएटरच्या तोंडावर धरायचं निळ्या द्रवाचं टेस्टर मिळतं. इंजिनातला जळका वायू पाण्यात येत असेल तर पेट्रोल गाडीत तो द्रव पिवळा होतो. पिवळा झाला तर गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या, आणि हेड उघडल्यावर ते सपाट आहे का हे मशीन शॉपमध्ये तपासल्याशिवाय नवं गॅस्केट बसवू देऊ नका.